उजेडाचा हिशेब

मराठीत वीज 'येते' आणि 'जाते'. 'लाईट गेली' असे आपण म्हणतो, तेव्हा वाक्याचा कर्ता दिवा असतो. घरातला माणूस त्या वाक्यात कुठेच नसतो. तेलाच्या दिव्याची भाषा अशी नव्हती. दिवा लावायचा, वात सारायची, काजळी झाडायची, तेल घालायचे आणि झोपताना दिवा मालवायचा. ही सगळी क्रियापदे माणसाच्या हातातली आहेत. तेल संपले तर दोष घरधन्याचा, वारा आला तर दैवाचा. पण दिवा आपला आपण लावायचा, याबद्दल संदेह नव्हता. विजेबरोबर नवी क्रियापदे घरात शिरली. वीज जोडली जाते, तोडली जाते, कापली जाते, येते आणि जाते. कर्मणी प्रयोगाची ही गर्दी व्याकरणाचा योगायोग नव्हे. उजेड घरात आला तेव्हा त्याची सूत्रे घराबाहेर गेली होती, याची नोंद भाषेने आपल्या परीने करून ठेवली आहे.

गेल्या दहा वर्षांत या क्रियापदांत पुन्हा बदल होत आहे. गच्चीवर सौर पॅनेल बसवलेला गृहस्थ 'आमच्याकडे महिन्याला साडेतीनशे युनिट तयार होतात' असे सहज बोलून जातो. वीज तयार करणे, साठवणे, कंपनीला देणे, तिच्याकडून परत घेणे ही भाषा आता मध्यमवर्गीय दिवाणखान्यात ऐकू येते. वाढत्या वीजबिलावर शोधलेला उपाय एवढाच त्याचा अर्थ लावणे शक्य आहे, आणि तो अर्थ खोटा नाही. परंतु घरातल्या उजेडाचा इतिहास थोडा मागे जाऊन वाचला, तर बिलाच्या आकड्यापलीकडचा एक प्रश्न समोर येतो. सामायिक तारेतून आलेला उजेड आणि घरच्या छपरावर पिकलेला उजेड यांचे नाते काय? एकाने दुसऱ्याला निरोप दिला, तर मागे राहिलेल्यांचे काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घ्यायचा आहे.

१.

मुंबईत विजेचा दिवा पहिल्यांदा लागला तो १८८२ मध्ये, क्रॉफर्ड मार्केटात. म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईत. ज्या कंपनीने हे काम अंगावर घेतले होते, ती पुढच्याच वर्षी बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले. शहराला नियमित वीज मिळायला १९०५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली आणि १९०७ मध्ये घोड्यांच्या ट्रामची जागा विजेच्या ट्रामने घ्यायला सुरुवात केली. पुढे ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, हीच कंपनी महानगरपालिकेकडे आली आणि 'बेस्ट' झाली.

१८८२ हेच वर्ष न्यूयॉर्कमध्येही महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी सप्टेंबरात एडिसनने पर्ल स्ट्रीटवरचे वीजकेंद्र सुरू केले आणि तारेने वीज विकण्याचा धंदा जन्माला आला. मात्र त्याच सुमारास जे. पी. मॉर्गन या धनाढ्य सावकाराच्या वाड्यात त्याच्या स्वतःच्या आवारातल्या वाफेच्या यंत्रावर दिवे पेटत होते. विजेच्या आरंभकाळी असे दोन मार्ग समोर होते. एक, ज्याची ऐपत आहे त्याने स्वतःचे यंत्र बसवावे. दुसरा, एका केंद्रातून सगळ्यांनी घ्यावी. पुढे दुसरा मार्ग जिंकला आणि तो का जिंकला हे समजून घेणे आजच्या संदर्भात अगत्याचे आहे.

त्याचे उत्तर एडिसनचा एके काळचा खाजगी सचिव सॅम्युएल इन्सल याने शिकागोत दिले. प्रत्येक घराला आपली सर्वाधिक गरज भागेल एवढे यंत्र ठेवावे लागले, तर ते दिवसातला बराच काळ निकामी पडून राहते. हजार घरे, शंभर दुकाने, ट्राम आणि कारखाने एका तारेवर आणले, तर सगळ्यांची गरज एकाच क्षणी शिगेला पोहोचत नाही. दुपारी कारखाना, संध्याकाळी ट्राम, रात्री घर अशी पाळी लागते. कमी यंत्रांत जास्त लोकांचे काम भागते आणि वीज स्वस्त होते. सामायिकपणा हा येथे परोपकार नव्हता. तो धंद्याचा हिशेब होता. पण त्या हिशेबाचा परिणाम असा झाला, की श्रीमंताचा दिवा आणि कारकुनाचा दिवा एकाच तारेला बांधले गेले.

या तारेचा खर्च कोणी द्यायचा, हा वादही तेव्हाचाच आहे. जॉन हॉपकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८९२ मध्येच मांडले होते, की वीज वापरली जाते त्याचा खर्च वेगळा आणि वीज मागताक्षणी मिळावी म्हणून यंत्र व तार सज्ज ठेवण्याचा खर्च वेगळा. दोन्ही ग्राहकाकडून स्वतंत्रपणे घ्यावेत. आपल्या वीजबिलावर आज जो 'स्थिर आकार' छापलेला असतो, त्याचे मूळ या विचारात आहे. ते बिल एकदा संहिता म्हणून वाचून पाहावे. 'वीज आकार', 'स्थिर आकार', 'वहन आकार', 'इंधन समायोजन आकार', 'वीज शुल्क' ही त्यातली पदे आहेत. आपण फक्त शेवटची रक्कम वाचतो आणि संतापतो. पण वीज केवळ जळणारी वस्तू नसून ती वाहून आणणारी एक व्यवस्था आहे, हे त्या पदांनी प्रत्येक महिन्याला सांगितलेले असते. गच्चीवरचे पॅनेल यांतल्या पहिल्या पदाला उत्तर देते. वहन आकाराला आणि स्थिर आकाराला ते काय उत्तर देते, हा खरा पेच आहे. त्याकडे पुढे येऊ.

२.

'दिव्याखाली अंधार' या म्हणीला महाराष्ट्रात अगदी भौगोलिक अर्थ आहे. मुंबईच्या गिरण्यांना आणि घरांना मिळालेली वीज सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेल्या पाण्यातून आली. १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, १९२२ मध्ये भिवपुरीचे आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे. भिऱ्याला पाणी मिळाले ते मुळशीच्या धरणाचे. त्या धरणाखाली जाणाऱ्या मावळातल्या पन्नासच्या आसपास गावांनी १९२१ मध्ये सत्याग्रह मांडला आणि पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. सत्याग्रह हरला, धरण झाले, भाताची खाचरे बुडाली. मुंबई उजळली, धरणाच्या काठच्या वाड्यावस्त्यांवर वीज पोहोचायला मात्र पुढे कित्येक वर्षे जावी लागली.

हीच कथा १९६० च्या दशकात कोयनेच्या खोऱ्यात, मोठ्या प्रमाणावर आणि राष्ट्रउभारणीच्या भाषेत पुन्हा घडली. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले होते. कोयनेची वीज ही नव्या राज्याची भाग्यरेषा म्हणून गौरवली गेली, आणि ती तशी होतीही. पाटण आणि जावळी तालुक्यांतली माणसे उठून सोलापूर, सांगली, ठाणे, कुलाबा अशी दूरदूर पांगली. त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न दोन-तीन पिढ्या पुरले.

हे येथे सांगण्याचे कारण भावनिक नाही. घरातल्या बटणामागे जी तार आहे, ती ग्राहकांच्या पैशावर उभी राहिली तशीच ज्यांना ती वीज मिळाली नाही अशांच्या जमिनीवरही उभी राहिली. तिला सामायिक म्हणायचे ते या दुहेरी अर्थाने. तारेचा खर्च बिलात मोजला जातो. ती उभी राहताना जो त्याग घडवला गेला, तो कोणत्याच 'आकारा'त मोजला जात नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात या सामायिकपणाला दरांचे रूप मिळाले. जास्त वीज वापरणाऱ्या घराने जास्त दर द्यायचा, उद्योगाने आणि व्यापाराने आणखी जास्त द्यायचा, आणि त्यातून शेतीपंपाचा व गरीब घराचा दर खाली ठेवायचा, असा हा प्रघात. शेतीपंपांना तर मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी लागू झाली. या व्यवस्थेत गळती, चोरी, राजकारण आणि ढिलाई भरपूर शिरली. तारेवर आकडा टाकणे हा शब्दप्रयोग याच काळाची देणगी. तरीही मुळात जो करार होता, तो नाकारता येत नाही. महाराष्ट्रातल्या घरगुती दरांचे टप्पे आजही तो करार सांगतात. शंभर युनिटांच्या आतला दर एक, तीनशेपर्यंतचा त्याहून बराच जास्त, आणि तीनशेच्या पुढचा दर पहिल्या टप्प्याच्या दुपटीहून अधिक.

३.

करार मोडल्याची जाणीव मध्यमवर्गाला झाली ती १९९० नंतरच्या दीड दशकात. डिसेंबर १९९३ मध्ये विद्युत मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. डॉलरशी आणि आयात इंधनाशी बांधलेली ती महागडी वीज मंडळाला पेलेना. मे २००१ मध्ये खरेदी थांबली, प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचे दिवाळे वाजले. पुढे २००३ चा वीज कायदा आला आणि जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या अस्तित्वात आल्या. प्रकल्पावर आणि वादावर दशक खर्ची पडले. मागणी मात्र थांबली नव्हती. त्याचा परिणाम म्हणून राज्य अंधारात गेले.

त्या अंधाराला शासकीय मराठीने 'भारनियमन' हे नाव दिले. शब्दाकडे लक्ष द्यावे असे हे उदाहरण आहे. इंग्रजीतल्या 'लोडशेडिंग'मध्ये निदान भार टाकून देण्याची कबुली आहे. काही लोकांना तारेवरून उतरवले जात आहे, हे त्यात दिसते. 'नियमन' या शब्दात शिस्त आहे, व्यवस्था आहे, अंधार मात्र नाही. लोकांनी त्या शब्दाचा पुरेपूर सूड घेतला. 'आमच्याकडे भारनियमन नाही, भारच नाही' असे विनोद गावोगाव झाले. दहा-बारा तास वीज नसलेल्या खेड्यांत रात्री-अपरात्री पाणी धरायला शेतात जाणे, दहावीच्या परीक्षेला कंदील बाहेर काढणे, पिठाच्या गिरणीपुढे डब्यांची रांग लागणे, हे त्या काळाचे चित्र अनेक वाचकांच्या आठवणीत असेल.

शहरातल्या घराने यावर जो उपाय केला, तो म्हणजे इन्व्हर्टर. बैठकीच्या कोपऱ्यात किंवा जिन्याखाली एक पेटी, तिच्याशेजारी शिसे-आम्लाची जड बॅटरी आणि दर काही महिन्यांनी तिच्यात घालायचे डिस्टिल्ड वॉटर. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लान्ते याने १८५९ मध्ये शोधलेली ही बॅटरी दीडशे वर्षांनी मराठी घराची कुळदेवता झाली. मात्र इन्व्हर्टर वीज निर्माण करत नाही. वीज असताना तो तारेतून भरून घेतो आणि नसताना परत देतो. या येण्याजाण्यात चांगला हिस्सा वाया जातो. म्हणजे वीज आली, की हजारो इन्व्हर्टर एकदम भरू लागत आणि अपुऱ्या विजेवरचा ताण वाढवत. शेजारच्या वस्तीला तो अंधार थोडा अधिक लांबवत असे. घरापुरता उपाय आणि सर्वांचा प्रश्न यांचे भांडण येथे पहिल्यांदा उघड झाले.

याच काळात पुण्याने एक निराळा प्रयोग करून दाखवला होता, तो आता जवळजवळ विस्मरणात गेला आहे. २००६ मध्ये शहरातल्या ज्या कारखान्यांकडे स्वतःचे डिझेल जनरेटर होते, त्यांनी टंचाईच्या तासांत ते चालवावेत, त्यामुळे तारेवर मोकळी झालेली वीज शहराला मिळावी आणि डिझेलचा जादा खर्च ग्राहकांनी बिलातल्या एका छोट्या अधिभारातून वाटून घ्यावा, असे ठरले. कमी वीज वापरणाऱ्या घरांना त्यातून वगळले होते. वीज नियामक आयोगापुढे खुली सुनावणी होऊन हे घडले. जनरेटर खाजगी होते, पण त्यांचा उपयोग सामायिक झाला. घरोघरी इन्व्हर्टर घेण्याच्या काळात हा दुसरा मार्गही शक्य होता, एवढे इतिहासात नोंदलेले असावे.

४.

आता छपरावर येऊ. उजेडातून वीज उपजते हे एडमों बेकेरेल याने १८३९ मध्ये पाहिले होते. व्यवहारात उतरेल असा सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने एप्रिल १९५४ मध्ये जगापुढे ठेवला. पडलेल्या उन्हातला सहा टक्के भाग त्याने विजेत बदलला. पुढची दोन दशके हा घट उपग्रहांपुरताच राहिला, कारण त्याची किंमत दुसऱ्या कोणाला झेपत नव्हती. १९७० च्या दशकाच्या मध्यास एक वॅटच्या पॅनेलला आजच्या मोलाने शंभर डॉलरच्या आसपास खर्च येई. आज पाव डॉलरही लागत नाही.

ही घसरण आपोआप झाली नाही. जर्मनीने २००० मध्ये कायदा करून छपरावरच्या विजेला वीस वर्षे चढा, ठरीव दर देण्याची हमी दिली. त्या चढ्या दराचा पैसा सरकारी तिजोरीतून आला नाही. तो सर्व वीजग्राहकांच्या बिलात अधिभार म्हणून टाकला गेला आणि २०२२ पर्यंत तो वसूल होत राहिला. भाड्याच्या घरात राहणारी, स्वतःचे छप्पर नसलेली माणसेही तो भरत होती. त्या मागणीवर कारखाने उभे राहिले, पुढे चीनने ते उत्पादन अवाढव्य केले, आणि पॅनेल स्वस्त झाले. आपल्या गच्चीवरचे स्वावलंबन अशा रीतीने परक्या देशातल्या भाडेकरूंच्या वर्गणीतूनही आलेले आहे.

महाराष्ट्रात या स्वावलंबनाला कायदेशीर वाट मिळाली ती सप्टेंबर २०१५ मध्ये, राज्य वीज नियामक आयोगाच्या नेट मीटरिंगच्या नियमांनी. दुपारी घरात माणसे नसताना पॅनेल जी वीज तयार करते ती तारेवर जाते. रात्री घर तारेवरून घेते. महिनाअखेर दोहोंची वजाबाकी होऊन उरलेल्या युनिटांचे बिल येते. जास्त तयार झालेले युनिट पुढच्या महिन्याला जमा राहतात आणि आर्थिक वर्ष संपताना शिल्लक उरलीच, तर कंपनी ती अल्प दराने घेते. यात तार ही बँक झाली. दुपारी ठेवलेले युनिट रात्री तसेच परत मिळते. ठेवणावळ नाही, घट नाही.

हिशेब साधा आहे. एक किलोवॅटचे पॅनेल आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देते, म्हणजे महिन्याला एकशेवीस. महिन्याला साडेतीनशे युनिट लागणाऱ्या घराला तीन किलोवॅट पुरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत त्यासाठी ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते. वजाबाकीत पहिल्यांदा गळतात ते वरच्या, महागड्या टप्प्यातले युनिट. म्हणून घातलेला पैसा काही वर्षांत वसूल होतो आणि पॅनेल पंचवीस वर्षे चालते. वाढत्या दरांनी गांजलेल्या कुटुंबाने हा मार्ग धरला, तर त्याला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. सरकार मोफत विजेची घोषणा करते. प्रत्यक्षात ही कुटुंबाने आगाऊ भरलेली वीज आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

मात्र या हिशेबात एक अट दडलेली आहे. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविना मोकळी जागा लागते. तीन किलोवॅटला तीनशे चौरस फूट. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत एका कुटुंबाला मिळणारे संपूर्ण घर तीनशे चौरस फुटांचे असते. बीडीडी चाळीतली मूळची खोली एकशेसाठ चौरस फुटांची. म्हणजे एका बंगल्याचे बिल शून्य करायला जेवढी जागा आकाशाखाली मोकळी लागते, तेवढ्या जागेत या महानगरातली माणसे संसार करतात. चौदाव्या मजल्यावरचा भाडेकरू, चाळकरी, पत्र्याच्या घरातला मजूर यांच्या वाट्याला ऊन सगळ्यांइतकेच येते. छप्पर येत नाही.

५.

येथे पहिल्या भागात बाजूला ठेवलेला पेच परत समोर येतो. महिन्याला साडेतीनशे युनिट वापरणारे घर वरच्या टप्प्याचा दर देत होते आणि त्यातून खालच्या टप्प्याला आधार मिळत होता. ते घर शून्यावर आले, तर तारा, रोहित्रे, वायरमन आणि रात्रीची सज्जता यांचा खर्च कमी होत नाही. तो उरलेल्यांत वाटला जातो. त्यांचे दर चढले, की त्यांच्यातले ऐपतवान पुढे छपराकडे वळतात. हे चक्र थांबायचे कोठे, हा हॉपकिन्सनच्या १८९२ च्या प्रश्नाचाच नवा अवतार आहे.

महाराष्ट्रात २०१९ मध्ये आयोगाने नियमांचा नवा मसुदा काढला. तीनशे युनिटांपुढे युनिटास युनिट अशी वजाबाकी न करता तारेवर दिलेल्या विजेला वेगळा, कमी दर द्यावा, असा त्याचा रोख होता. ग्राहक संघटनांनी आणि सौर व्यावसायिकांनी जोराचा विरोध केला. वर्षाअखेरीस आलेल्या अंतिम नियमांत नेट मीटरिंग कायम राहिले आणि तारेच्या वापराबद्दलचा आकार पुढे ढकलला गेला. दोन्ही बाजूंकडे सत्याचा अंश होता. ज्या कंपनीने आपली गळती, थकबाकी आणि महागडे करार वर्षानुवर्षे ग्राहकांच्या माथी मारले, तिने छपरावरच्या चार पॅनेलांना सामाजिक न्यायाचा धडा शिकवावा, हे विरोधकांना ढोंग वाटले. आणि तरीही तो धडा मुळात चुकीचा नव्हता.

इतरत्र या प्रश्नाने कसे वळण घेतले, ते पाहण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नव्या छपरांच्या विजेचा परतावा सुमारे तीन-चतुर्थांशाने घटवला. त्याबरोबर लोक पॅनेलच्या जोडीला बॅटरी घेऊ लागले. पाकिस्तानात दर असह्य झाल्यावर लोकांनी सरकारची वाट पाहिली नाही. २०२४ या एका वर्षात त्या देशाने चीनमधून सुमारे १७ गिगावॅटची पॅनेले आणली. तेथे बांधून ठेवलेल्या वीजकेंद्रांना द्यायची ठरीव रक्कम तशीच राहिली आणि तिचा भार छप्पर नसलेल्यांवर सरकत गेला.

बॅटरीचे महत्त्व येथे कळते. नेट मीटरिंगमध्ये तारच बॅटरीचे काम करते, म्हणून निव्वळ बिलाच्या दृष्टीने घरात बॅटरीची गरज नसते. शिवाय साध्या सौर यंत्रणेतली एक गंमत अनेकांना पॅनेल बसवल्यावर कळते. तारेची वीज गेली, की भर दुपारी गच्चीवर ऊन असतानाही घरात अंधार होतो. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून यंत्रणा स्वतःला बंद करून घेते. उजेड स्वतःचा झाला तरी क्रियापद तेच राहते: लाईट 'जाते'. ते बदलायचे, तर बॅटरी लागते. १९९१ मध्ये बाजारात आलेली लिथियम-आयन बॅटरी आता त्या जुन्या शिसे-आम्लाच्या पेटीपेक्षा हलकी, अधिक टिकाऊ आणि कमी घट सोसणारी आहे, आणि तिची किंमत झपाट्याने उतरली आहे.

केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी दिवसाच्या वेळेनुसार दर ही कल्पना घरगुती ग्राहकांपर्यंत आणली. उन्हाच्या आठ तासांत वीज स्वस्त, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी महाग. दुपारचे युनिट आणि रात्रीचे युनिट समान, हे नेट मीटरिंगचे गृहीतक त्यामुळे हलते. भांडार असलेल्या घराला दुपारची वीज संध्याकाळसाठी राखता येते. जुन्या घरात कणगी असे, गावात पेव असे. कणगीतले धान्य घरापुरते. पेव उघडले जाई तेव्हा ते अडल्यानडल्या वर्षात अनेकांच्या उपयोगी पडे. बॅटरीही या दोन्ही प्रकारे वापरता येते. संध्याकाळी सात वाजता, जेव्हा सगळे राज्य एकदम दिवे, पंखे आणि शेगड्या लावते, तेव्हा लाखभर घरांतल्या बॅटऱ्यांनी थोडी-थोडी वीज तारेवर दिली, तर त्या तासापुरते उभे ठेवावे लागणारे एखादे महागडे वीजकेंद्र वाचेल. त्याचा फायदा ज्यांना छप्पर नाही त्यांनाही मिळेल. २००६ मध्ये पुण्यातल्या जनरेटरांनी जे केले, तेच काम डिझेलविना करता येईल. पण त्याच बॅटरीच्या बळावर घराने तार कायमची तोडून टाकली, तर मात्र मॉर्गनचा वाडा परत आला असे समजावे.

६.

कोयना ज्या पाटण तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातली मान्याचीवाडी ही शंभरेक घरांची वस्ती २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाली. गावातल्या घरांवर, सार्वजनिक जागांवर पॅनेले आली. साठ वर्षांपूर्वी या खोऱ्याने राज्याला वीज दिली, ती पाण्याखाली जाऊन. आता त्याच खोऱ्यातली एक वाडी आपल्या कौलांवरून वीज देते, आणि त्यासाठी तिला उठून कोठे जावे लागलेले नाही. इतिहासात अशी भरपाई क्वचित घडते. ती पुरेशी नाही, पण नगण्यही नाही. या उदाहरणात मला महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. तिथे ऊन घरोघर वेगळे पडले, हिशेब मात्र गावाने एकत्र केला.

शहरात याची रूपे निराळी असतील. गृहनिर्माण संस्थेची गच्ची ही कोणा एकाची नसते. तिच्यावरच्या विजेतून जिने, लिफ्ट आणि पाण्याचा पंप चालवला, तर तळमजल्यावरच्याचा आणि चौदाव्या मजल्यावरच्याचा मासिक खर्च सारखाच उतरतो. सूर्यघर योजनेत संस्थांच्या अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदानाची सोय आहे. शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्या गरीब घरांसाठी राज्याने २०२५ मध्ये वेगळी योजना आखली. शेतीच्या वाहिन्या गावाजवळच्या सौर प्रकल्पांवर चालवण्याचे काम २०१७ पासून सुरू आहे. पॅनेल तेच, ऊन तेच. मालकीची रचना बदलली, की त्याचा सामाजिक अर्थ बदलतो.

साहित्याच्या अभ्यासकाला या सगळ्यात काय रस असावा, असे कोणी विचारेल. उत्तर क्रियापदांत आहे. एका शतकात आपण 'दिवा लावणे' पासून 'लाईट येणे' पर्यंत आलो आणि आता 'वीज तयार करणे' कडे निघालो आहोत. कर्मणीतून कर्तरीत येणे ही मुक्तीच आहे. फक्त त्या कर्तरी वाक्याचा कर्ता एकवचनी राहणार की अनेकवचनी होणार, हे अजून ठरायचे आहे. 'मी वीज तयार करतो' आणि 'आम्ही वीज तयार करतो' या दोन वाक्यांत बिलाची रक्कम कदाचित सारखीच येईल. पण दुसऱ्या वाक्यात मुळशीचा मावळा, जर्मनीतला भाडेकरू, खांबावरचा वायरमन आणि छप्पर नसलेला शेजारी यांना जागा आहे, पहिल्यात नाही.